बिशप की एड्ना

आमच्या घरात मासेमारीच्या मोसमाच्या पहिल्या दिवशी गळाला लावायची माशी मी निवडते. नेव्हिल निवडत नाही. त्याने विचारायचं नाही, सुचवायचं नाही आणि मी हातावर ठेवलेली परत करायची नाही. लग्न झालं त्या वर्षी थट्टेत ठरलेली ही गोष्ट. मला तेव्हा माश्या नीट बांधताही येत नव्हत्या, आणि नवऱ्याला घमेंड अशी, की बायकोने नुसता पिसांचा बोळा करून दिला तरी आपण त्यावर ट्राउट मासा काढून दाखवू. काढलाही मेल्याने. तेव्हापासून तो नियमच होऊन बसला. पहिल्या दिवशी एकच माशी. ती नदीने गिळली की गळाची काठी गाडीत टाकायची आणि घरी यायचं. लोक हसतात, पण आमच्या गावात, ॲडमिनबीत, प्रत्येक घराचं पहिल्या दिवसाचं काहीतरी खूळ असतंच. शेजारच्या कॅफ्रींकडे त्या आठवड्यात पुरुष दाढी करत नाहीत. त्यापेक्षा आमचं बरं.

माशी म्हणायची एवढंच, असतं ते गळावर पिसं बांधून केलेलं खोटं आमिष. उन्हाळ्यात बांधतो त्या खरोखर माशीएवढ्या असतात आणि पाण्यावर तरंगतात. पण ऑक्टोबरात, आमच्याकडे हिवाळा सरतो तेव्हा, डोंगरावरचा बर्फ वितळला की नदी फुगून, गढूळ होऊन येते, तेव्हा वरच्या चिमुकल्या गोष्टीकडे मासा ढुंकूनही पाहत नाही. तेव्हा लागते ती बोटभर लांब, पाण्याखालून पोहत जाणारी, लहान माशाचं सोंग घेतलेली. दुकानात तिला स्ट्रीमर म्हणतात. आम्ही लांबडी म्हणतो.

एरवी हिवाळाभर शेकोटीपाशी बसून मी डझनभर तरी लांबड्या बांधते. यंदा पेटीत दोनच होत्या, एक बिशप आणि एक एड्ना. हिवाळा सगळा दवाखान्यात गेला.

जूनमध्ये नेव्हिलच्या हृदयाने दगा दिला. आधी कूमाचा दवाखाना, मग कॅनबेराचा, मग परत घरी, आणि घरी आल्यावर सगळं माझ्यावर. त्याच्या गोळ्या, त्याचे पायमोजे, त्याच्या अंघोळीचं पाणी, लाकडं फोडणं, कोंबड्या, गच्च बसलेली फाटकाची कडी. वीजखात्यात जन्मभर खांबांवर चढलेला माणूस, त्याला व्हरांड्याच्या पायऱ्या चढताना माझा खांदा लागायचा, आणि वर आल्यावर तो असा उभा राहायचा की जणू खांदा मीच मागितला होता. मी थकले होते. हे सांगायला मला लाज वाटत नाही. झोपून उतरतो तसला थकवा नव्हता तो, कारण झोपच नव्हती. तो शेजारी झोपायचा आणि मी त्याचा श्वास ऐकत पडून राहायची. सकाळी तो विचारायचा, "झोप लागली का?" मी म्हणायची, "हो." मग मी विचारायची, "तुला?" तोही म्हणायचा, "हो."

दवाखान्यातून निघताना डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, नदीवर जा, हवा खा, पण त्या बर्फाच्या पाण्यात उतरायचं नाही. पायात बळ नाही, पडलात तर उठणार नाही. गाडीत बसल्यावर नेव्हिल म्हणाला, "ती मेलबर्नची आहे." म्हणजे शहरातली, तिला नदीचं काय कळणार.

वॉगाहून आमच्या लेकीचा, तान्याचा, दर रविवारी फोन. "आई, यंदा बाबांना नदीवर नेऊ नकोस."

"तूच ये आणि सांग त्यांना."

"तू सांगितलंस तर ऐकतील."

"तान्या, तुझ्या बापाने माझं शेवटचं कधी ऐकलं ते तुला आठवत असेल तर मला कळव."

फोन ठेवल्यावर मला नेहमी राग यायचा. तिच्यावर नाही. सगळ्यांना वाटायचं की नेव्हिलचा जीव माझ्या हातात आहे, आणि माझे हात तर भांडी घासूनच दुखत होते.

मोसम सुरू होण्याच्या आदल्या संध्याकाळी ग्लेन कॅफ्री आला. शेजारी राहतो, नळाची कामं करतो, पन्नाशीचा आहे, तोंडाला कुलूप नाही. गालांवर आठवड्याचे खुंट वाढलेले.

"काय म्हाताऱ्या, आहेस अजून?" त्याने दारातूनच हाक मारली.

"आहे बाबा. तुझी निराशा झाली, माफ कर," नेव्हिल खुर्चीतून म्हणाला.

"नदी बघून आलो. या उबदार वाऱ्याने आणि पावसाने अख्खा डोंगर खाली आणलाय. कुंपणाचे खांब वाहत चाललेत. नेरिडा, याला यंदा काठावर बसव. डबा धरायला."

"डबा धरायला तुझ्या भावाला बसव," मी म्हणाले. "गेल्या वर्षी त्याने स्वतःच्याच कानात गळ अडकवला होता."

ग्लेन हसला. मी चहा ओतला, आल्याची बिस्किटं ठेवली. मग त्याने विचारायचं ते विचारलंच. "मग उद्या काय? कातळावर जाणार?"

नेव्हिलने कप खाली ठेवला. खिडकीच्या फळीवर माझी माश्यांची पेटी होती, तिच्याकडे त्याने पाहिलं. "ते माझ्या हातात कुठे आहे? बाईसाहेब बिशप देतील तर कातळ. एड्ना देतील तर काठ."

"एड्ना!" ग्लेन खिंकाळलाच. "अरे, एड्ना मी माझ्या पोरीला देतो. तिला पाण्याची भीती वाटते म्हणून. या वयात तू काठावर खुर्ची टाकून एड्ना फेकत बसणार? गावातला तो फायबरचा अवाढव्य ट्राउटसुद्धा हसेल."

"म्हटलं ना, माझ्या हातात नाही," नेव्हिल म्हणाला, आणि हसला.

मी ते हसणं पाहिलं आणि मला वाटलं की तो मला बजावतोय. बघ, चारचौघांत माझी शोभा करू नकोस.

ग्लेन गेल्यावर मी कप विसळले, नेव्हिलला गोळ्या दिल्या आणि पेटी उघडून टेबलाशी बसले. तो आत रेडिओ ऐकत होता.

बिशप म्हणजे जड लांबडी. गळाच्या दांडीवर शिशाची तार गुंडाळायची, त्यावर सशाच्या कातडीची काळी पट्टी बसवायची, आणि डोक्यापाशी पितळी मणी. काळा झगा आणि सोनेरी टोपी, म्हणून बिशप. पाण्यात पडला की दगडासारखा तळाला जातो. तो चालवायचा तर नदीच्या मधल्या खोल धारेत, आणि त्या धारेपर्यंत पोचायचं तर पाण्यातून चालत जाऊन कातळावर उभं राहावं लागतं. कातळ म्हणजे काठापासून आत, पाण्याखाली गेलेली सपाट शिळा. साध्या वर्षी तिथे गुडघ्याच्या वर पाणी असतं. नेव्हिलचा बाप तिथेच उभा राहायचा.

एड्ना अगदी उलट. तिच्यात ना शिसं, ना मणी. आमच्या गल्लीत पूर्वी एड्ना पायपर नावाची बाई होती, तिच्या काळ्या कोंबडीच्या मानेची पिसं, दोऱ्याने पाठीवर उभी बांधलेली, झालं. हलकी. काठाकाठाने, बुडालेल्या गवताच्या कडेने, हळूहळू ओढत आणायची. पाण्यात पाय घालायची गरज नाही.

आणि खरी गोष्ट अशी होती की यंदाच्या पाण्याला एड्नाच योग्य होती. नदी इतकी चढली की मधल्या धारेत मासा टिकत नाही. तो काठाला येतो, गवतात तोंड खुपसून बसतो, जमिनीतून वाहून आलेली गांडुळं खातो. हे मला कळतं. चाळीसएक वर्षं मी या माणसासाठी माश्या बांधतेय, पाणी ऐकून कुठली द्यायची ते मला कळतं. उद्यासाठी दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मी डोळे मिटून एड्ना काढून दिली असती.

पण नवऱ्याला एड्ना द्यायची म्हणजे काय? म्हणजे बाबा रे, तू संपलास, असं त्याच्या तळहातावर लिहून द्यायचं. मागची तीन वर्षं त्याचे पाय बरे नव्हते, तरी मी बिशपच दिला होता. तीनही वर्षं तो कातळावर गेला, पाठ करून उभा राहिला, चार-दोन फेकी केल्या आणि परत येऊन म्हणाला, "नदीने घेतला." दर वर्षी आधीच्या वर्षापेक्षा लवकर. मी चिडायची. हिवाळाभर बसून बांधलेली माझी सगळ्यात चांगली लांबडी, आणि हा थर्मासमधला चहा निवायच्या आत हरवून येतो. पूर्वी असा नव्हता. पूर्वी संध्याकाळपर्यंत एक माशी टिकवायचा.

मी एड्ना उचलली, पुन्हा ठेवली. आतून त्याचा खोकला ऐकू आला. एड्ना दिली तर तो काही बोलणार नाही, नियमाचा पक्का आहे, पण मग पुढचे आठ दिवस घरात तोंड फुगवून बसेल, आणि त्या फुगलेल्या तोंडाला गोळ्या द्यायच्या, पायमोजे घालायचे, ते मलाच. माझ्यात तेवढं त्राण उरलं नव्हतं. भांडायला अंगात जोर लागतो. मी बिशप बाजूला काढला आणि पेटी बंद केली.

सकाळी नदीचा आवाज गाडीची काच बंद असतानाच ऐकू आला. उतरले तेव्हा एका मॅगपाय पक्ष्याने माझ्या डोक्यावर झेप घेतली. पिलांच्या दिवसांत तो सगळ्यांच्याच जिवावर उठतो. मी हातातली पिशवी त्याच्यावर उगारली आणि नेव्हिल बऱ्याच दिवसांनी मनापासून हसला. काठावरची टी-ट्रीची झुडपं अर्धी पाण्यात होती. पाणी दुधाळ तपकिरी, त्यात काटक्या, पानं, फेसाचे पुंजके. त्याची गार वाफ तोंडावर येत होती.

ग्लेन आणि त्याचा भाऊ वरच्या वळणापाशी होते. ग्लेनने हात केला.

नेव्हिलला छातीपर्यंतचे रबरी वेडर्स चढवताना मी ओल्या गवतात गुडघे टेकून बसले आणि त्याचा एकेक पाय आत घातला. तो माझ्या डोक्यावर हात टेकून उभा. आधी टेकत नसे. मग त्याने नदीवरचा लांब कोट काढून माझ्याकडे दिला, पाण्यात घोळतो म्हणून. त्या कोटाला धुरापासून माशापर्यंत सगळ्याचा वास आहे. तो मी कधी धुवत नाही. धुतला तर मासे आपल्याला ओळखत नाहीत असं नेव्हिलचं म्हणणं, आणि एक कपडा धुवायचा वाचला म्हणून मीही कधी वाद घातला नाही.

मी डबीतून माशी काढून त्याच्या हातावर ठेवली.

"बिशप," तो म्हणाला.

"बिशप."

"बरं."

एरंडेल पिताना माणूस 'बरं' म्हणतो तसं ते बरं होतं. ते मी ऐकलं. पण बाईमाणसाने ऐकलेल्या सगळ्याच गोष्टींवर विचार करत बसायचं ठरवलं तर संसार होणार कसे? त्याने गाठ मारली. बोटं गार पडली होती, वेळ लागला. मग गळाची काठी एका हातात, आधाराची लाकडी काठी दुसऱ्या हातात, आणि तो पाण्यात उतरला.

मी कोट मांडीवर घेऊन घडीच्या खुर्चीत बसले. दर वर्षी मी अशीच बसते आणि त्याच्या टोपीकडे पाहत राहते. टोपी हलली की जीव भांड्यात पडतो, थांबली की पुन्हा टांगणीला लागतो. चहा ओतलेला तसाच राहतो. लोकांना वाटतं नेरिडा किती छान सोबत करते.

पाणी त्याच्या पोटऱ्यांना लागलं, मग गुडघ्यांना. माझा घसा कोरडा पडला होता. त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात खोकल्याच्या गोळ्यांची पत्र्याची डबी हाताला लागली. उघडली तर आत गोळ्या नव्हत्या. तीन बिशप होते.

आधी मला काही समजलंच नाही. आपल्या हातचं काम माणूस ओळखतो. एकाच्या डोक्यापाशी लाल दोरा होता. त्या वर्षी काळा संपला होता आणि दुकानात जायला बर्फाने रस्ता बंद होता. दुसऱ्याची सशाची पट्टी थोडी तिरकी, मी ती बांधली तेव्हा तान्याच्या घटस्फोटाचं चाललेलं. तिसरा गेल्या वर्षीचा. नदीने घेतलेले तीन बिशप. आणि प्रत्येकाच्या गळाला दोरीचं नखाएवढं टोक, गाठीसकट. तुटलेली दोरी पिळवटते, तिला कुरळं टोक येतं. ही टोकं सरळ होती. कातरलेली.

म्हणजे तो माझ्याकडे पाठ करून कातळावर उभा राहायचा, दोरी कातरायचा, माशी वेडर्सच्या खिशात टाकायचा आणि परत येऊन म्हणायचा, नदीने घेतला. माशी गेली की काठी गाडीत आणि आपण घरी. त्याला घरी यायचं होतं. तीन वर्षं त्याला घरी यायचं होतं, आणि दर वर्षी मी त्याच्या हातावर बिशप ठेवत होते. काल ग्लेनसमोर, माझ्या हातात नाही, बाईसाहेब एड्ना देतील तर काठ, असं तो म्हणाला ते मला बजावणं नव्हतं. मेला मागत होता. मागायचं नाही या नियमात बसेल तेवढंच मागत होता.

मी वर पाहिलं. टोपी हलत नव्हती.

तो कातळाच्या अलीकडेच थांबला होता. पाणी मांड्यांच्या वर आलेलं, अंगावर फेस उसळत होता. एक पाय पुढे टाकून तळ चाचपत होता आणि तळ लागत नव्हता. आधाराची काठी थरथर कापत होती, ती मला काठावरून दिसत होती. पुढे जाववत नव्हतं आणि वळवतही नव्हतं. मी उठले तसा मांडीवरचा कोट चिखलात पडला.

"नेव्हिल!"

त्याने मान वळवली नाही. वरच्या वळणावर ग्लेन आणि त्याचा भाऊ इकडेच पाहत होते. 'परत ये' म्हणून ओरडले असते तर तो आला नसता, हे मला माझ्या नावाइतकं ठाऊक होतं. दोन कॅफ्रींच्या देखत बायकोने हाक मारली म्हणून नेव्हिल पाण्यातून परत फिरणार? तो कातळावर गेला असता नाहीतर नदीबरोबर गेला असता.

तेव्हा होता नव्हता तेवढा आवाज काढून मी ओरडले, "नेव्हिल! माशी चुकली! मी चुकीची माशी दिली!"

आता त्याने मान वळवली.

"काय?"

"चुकीची दिली! या पाण्यात बिशप चालत नाही! माझी चूक झाली! परत आण ती!"

इतक्या वर्षांत दिलेली माशी मी कधी परत मागितली नव्हती. ॲडमिनबीत कुणालाही विचारा, नेरिडाने दिलेली माशी चुकत नाही. एवढी एकच गोष्ट या गावात माझ्या नावावर आहे. ती मी अख्ख्या नदीला ओरडून देऊन टाकली. वरून ग्लेनच्या भावाचं हसणं ऐकू आलं, आणि मला त्याचं काहीही वाटलं नाही.

नेव्हिल वळला. वळायला फार वेळ लागला. एक पाय, मग काठी, मग दुसरा पाय. मधे एकदा तो कलला आणि मी बुटांसकट पाण्यात शिरले. पाणी नव्हतंच ते, सुया होत्या. हाताच्या टप्प्यात आला तसा मी त्याच्या खांद्यावरचा पट्टा मुठीत धरला आणि ओढला, आणि आम्ही दोघं गवतात आपटलो.

ग्लेन धावत आला. "काय झालं? ठीक आहे ना म्हातारा?"

"म्हातारा ठीक आहे," नेव्हिल धापा टाकत म्हणाला. "हिने चुकीची माशी दिली."

"ऐकलं. कूमापर्यंत ऐकू गेलं." ग्लेनने माझ्याकडे पाहिलं. काहीतरी झणझणीत त्याच्या अगदी जिभेवर आलं होतं, पण माझा चेहरा बघून त्याने ते गिळलं. मग तो खाली वाकून नेव्हिलच्या वेडर्सच्या पट्ट्या सोडवायला लागला. "तसंही मधे काही नाहीये. आमच्या गळाला सकाळपासून एक टिचकी नाही. मासा सगळा काठाला असणार." एवढं बोलून तो गेला. वाईट नाही तो माणूस.

मी नेव्हिलच्या अंगावर कोट टाकला, चहा दिला. त्याचे दात कपावर वाजत होते. डबी माझ्या मुठीतच राहिली होती. ती त्याला दिसली.

"खोकल्याची गोळी हवी होती?" त्याने विचारलं.

"हो."

"त्यात गोळ्या नाहीत."

"दिसलं मला."

मग माझा बांध फुटला. "तीन वर्षं, नेव्हिल? तीन वर्षं मी या खुर्चीत जीव मुठीत धरून बसते, आणि तुला तिथे जायचंच नव्हतं? तोंड नाही तुला?"

"मागायचं नाही असं ठरलंय."

"खड्ड्यात गेलं ठरलेलं!"

"मग तू का देत होतीस?" तो म्हणाला. आवाज चढवायला त्याच्यात दम नव्हता. "माझे पाय बघत होतीस ना? दर वर्षी मला वाटायचं, यंदा ही एड्ना देईल. दर वर्षी हातावर बिशप. म्हटलं, हिला मी कातळावरच हवाय. काठावर बसलेला नवरा हिला नकोय."

मला रडू आलं नाही. मी फक्त इतकी दमले की पाठ टेकावीशी वाटली. "मला वाटलं, तुलाच कातळ हवाय."

"पहिल्याच वर्षी पाय लटलटले तिथे. वळून बघितलं तर तू टक लावून बघत बसलेली. कसा येणार परत?"

"आणि दोरी कातरून हे डबीत कशाला ठेवायचे? टाकायचे ना नदीत. मला कळलंही नसतं."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी काहीतरी अगदीच मूर्खासारखं विचारलं होतं. "तू बांधलेत ते," तो म्हणाला. "नदीत कसे टाकू?"

मी पिशवीतल्या पेटीतून एड्ना काढली आणि त्याच्या हातावर ठेवली. चौथा बिशप दोरीवरून कातरून डबीत इतर तिघांशेजारी टाकला. एड्नाची गाठ मी मारली, आणि त्याने मारू दिली.

खुर्ची त्याला दिली. काठापासून दोन हातांवर तो बसला, बूट पाण्याबाहेर, आणि बुडालेल्या गवताच्या कडेने एड्ना फेकायला लागला. फेक आखूड होती, पण त्याची फेक अजून सुंदर आहे. मी ओले पायमोजे काढले, गाडीतलं कांबळं आणलं आणि त्याच्या मागे निलगिरीच्या झाडाच्या बुंध्याला टेकून बसले. टोपीकडे पाहायचं होतं, पण पाहायचं कशाला? टोपी खुर्चीत होती. एवढं आठवतं.

जागी झाले तेव्हा ऊन पार पलीकडच्या उतारावर गेलं होतं. कांबळं माझ्या मानेपर्यंत ओढलेलं. तोंडाला कोरड, मान अवघडलेली, आणि हातापायांना असं जडपण की जणू जूनपासूनची सगळी झोप एकदम अंगावर येऊन बसली होती. नेव्हिल तिथेच होता. बिटाचं सँडविच खात होता, माझंही.

"एक आला होता," मागे न बघता तो म्हणाला.

"कुठे?"

"सोडला. अंडी टाकून आलेली मादी होती, काठीसारखी वाळलेली. तिला काय खायचं."

"उठवायचं नाही मला?"

"इतकी घोरत होतीस. बाकीचे पळून गेले, ती एक बहिरी होती म्हणून आली."

मी उठून त्याच्या हातातली दोरी ओढून घेतली आणि एड्ना बघितली. पाठीवरची पिसं चावून विस्कटली होती, दोरा एका ठिकाणी सुटलेला. खरंच आली होती. मी ती परत त्याच्या हातात दिली.

"निघायचं?" त्याने विचारलं. "उशीर झालाय."

"माशी गेली का?"

"नाही."

"मग कसं निघणार?" मी म्हणाले. "नियम आहे." आणि बुंध्याला टेकून मी पुन्हा डोळे मिटले.